जलोदराच्या पाण्यांतील खूण

जलोदर हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाहीं. पोट घागरीसारखें फुगावें, हातापायांच्या काड्या व्हाव्या, डोळ्यांत पिंवळेपणा यावा आणि घरांतील जाणत्या माणसानें मान हलवून गप्प बसावें, हें चित्र पुष्कळ कुटुंबांनीं पाहिलेलें असतें. परंतु असा रोगी केवळ त्या पाण्याच्या भारानें जातो, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती बरोबर नाहीं. पुष्कळदां त्याला नेतात ते त्या पाण्यांत शिरलेले जंतु. आणि ते शिरल्याची वर्दी बाहेरून मिळतेच असें नाहीं. ती वर्दी कशी मिळवावी, आणि मिळवावयास किती घाई करावी, याविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय आम्ही शिरूर व दौंड हे पुणें जिल्ह्यांतील दोन शेजारी तालुके डोळ्यांपुढें ठेवून मांडीत आहों, आणि त्याला कारण आहे. पुण्याच्या पेठांत किंवा कोथरूडास राहणाऱ्या माणसाला रात्रीं दोन वाजतांहि मोठें रुग्णालय जवळच सांपडतें. घोडनदीच्या कांठचें शिरूर पुण्याहून सुमारें ७० किलोमीटर, आणि भीमेच्या कांठचें दौंड आगगाडीनें सुमारें ७५. हे तालुके आडरानांत आहेत असें मुळींच नाहीं. शिरुरावरून अहिल्यानगरचा हमरस्ता जातो. दौंड तर मनमाड, सोलापूर व बारामती या मार्गांचें जंक्शन. रांजणगांव व कुरकुंभ येथें कारखाने उभे आहेत. तथापि न्हावऱ्याहून किंवा पाटसहून रोग्याला उठवावें, गाडी ठरवावी, पुण्यास पोंचावें, नांव नोंदवावें, खाट मिळवावी, एवढें होईपर्यंत दिवस मावळतो. आणि या व्याधींत हिशेब दिवसांचा नसून तासांचा असतो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे वडील, काका किंवा आत्या अशाच एखाद्या गांवीं जुन्या वाड्यांत राहतात, म्हणून हा प्रश्न दूरचा नव्हे.

प्रथम पोटांत काय घडतें तें पाहूं. अन्नांतील सत्त्व आंतड्यांतून रक्तांत शिरतें, आणि तें रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वीं एका मोठ्या शिरेनें यकृतांत येतें. त्याबरोबर आंतड्यांतील कांहीं चुकार जंतुहि येतात. निरोगी यकृत् त्यांस वेशीवरच्या चौकीदाराप्रमाणें तेथेंच अडवून नाहींसे करतें. सिरोसिस म्हणजे या यकृतांत वर्षानुवर्षें इजा होऊन, ती भरून येतांना वण पडून, सगळा अवयव कठीण व गांठाळ होणें. मग रक्ताची वाट अडते, शिरेंतील दाब वाढतो, रक्तांतील अल्ब्युमिन नांवाचें प्रथिन कमी पडतें, आणि पाणी पाझरून पोटांत सांचूं लागतें. इकडे आंतड्याची भिंतहि पूर्वींसारखी घट्ट राहत नाहीं. चौकी दुबळी, भिंत झिरपूं लागलेली, आणि पोटांत कोमट पाण्याचा साठा. त्यांतहि जंतूंस मारणारीं प्रथिनें विरळ झालेलीं. जंतूंना याहून सोयीची जागा कोणती मिळावयाची?

सिरोसिस म्हटला कीं दारू, असें समीकरण आपल्या पांढरपेशा घरांत पक्कें बसलेलें आहे. त्याचा परिणाम असा होतो कीं ज्यानें आयुष्यांत मद्याला स्पर्श केला नाहीं त्याला हा रोग असूंच शकत नाहीं असें मानतात, आणि निदान झालेंच तर तें नातेवाइकांपासून लपवितात. दारू हें मोठें कारण आहे खरें. परंतु कावीळ करणारे 'बी' व 'सी' हे विषाणु, मधुमेह व स्थूलपणा यांबरोबर यकृतांत सांचणारी चरबी, हीं कारणें शाकाहारी व निर्व्यसनी घरांतहि वावरत असतात. घरगुती काढ्यांविषयींहि एक शब्द लिहिणें प्राप्त आहे. कोरोनाच्या सांथींत गुळवेलीचे काढे घेतलेल्या कांहीं माणसांच्या यकृतास इजा झाल्याचें मुंबईच्या तज्ज्ञांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. आयुष मंत्रालयानें त्यास हरकत घेतली, वाद झाला. पण ज्याचें यकृत् आधींच दुखावलेलें आहे त्यानें असले प्रयोग करूं नयेत याविषयीं वाद नसावा.

आणि सोवळ्याओवळ्याच्या घरांनीं तर विसरूं नये अशी एक हकीकत पुण्यांतच घडली आहे. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलांस होणारा एक सिरोसिस आपल्याकडे इतका आढळे कीं वैद्यकांत त्याचें नांवच 'इंडियन चाइल्डहुड सिरोसिस' असें पडलें. भाऊ गेला, मागून बहीण गेली, म्हणून लोक त्यास घराण्याचा शाप समजत. १९७८ सालीं संशोधकांनीं या मुलांच्या यकृताच्या पातळ कापांस ऑर्सीन नांवाचा रंग लावून पाहिला, तेव्हां तांबें धरून ठेवणारे कण उठून दिसले. हें तांबें येतें कोठून? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर प्रभृतींनीं १९८३ सालीं याचें उत्तर स्वयंपाकघराकडे बोट दाखवून दिलें. कल्हई गेलेल्या पितळेच्या व तांब्याच्या भांड्यांत तापविलेलें व ठेवलेलें दूध हीं मुलें अगदीं लहान वयापासून पीत होतीं, आणि दूध त्या धातूंतील तांबें सहज उचलतें. पुढें घरोघर स्टीलचीं पातेलीं आलीं, कल्हईवाल्याची फेरी बंद पडली, आणि तो रोगहि जवळजवळ दिसेनासा झाला. यकृताच्या कापांतील एका रंगीत कणानें घरांतील दुधाच्या तपेलीपर्यंत वाट दाखविली. रोग ओळखावयास उपयोगीं पडणाऱ्या अशा खुणांस हल्लीं 'बायोमार्कर' म्हणतात. जलोदराच्या पाण्यांत शोधावयाची ती याच जातीची खूण.

त्या जंतुदोषाला आंतडें फुटावें लागत नाहीं कीं पोटाला जखम व्हावी लागत नाहीं. १९६४ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे डॉ. हॅरोल्ड कॉन यांनीं त्याचें वर्णन केलें व त्याला 'आपोआप होणारा' हें विशेषण जोडलें. डॉक्टर आतां त्यास 'एस. बी. पी.' या आद्याक्षरांनीं ओळखतात. आरंभीच्या काळांत असे दहांतले नऊ रोगी दगावत. लवकर ओळख पटूं लागल्यापासून रुग्णालयांतील मृत्यूचें प्रमाण सुमारें पांचांत एकावर आलें आहे. म्हणजे अजूनहि तें थोडें नाहीं.

सणकून ताप भरावा, पोटाला हात लावतांच रोग्यानें ओरडावें, असें झालें तर कोणालाहि शंका येईल. पण सिरोसिसच्या रोग्याचें शरीर तेवढी हाकाटी करण्याच्या स्थितींत नसतें. कांहींना अंगांत बारीक कसर येते, कांहींना तीहि नाहीं. सासूबाई दिवसां पेंगतात आणि रात्रभर टक्क जाग्या असतात. काका नातवंडांचीं नांवें चुकूं लागतात, सही करतांना हात थरथरतो. लघवी कमी होते. औषधें तींच असून पाणी एकाएकीं वाढतें. 'वय झालें' असें म्हणून घर या गोष्टी सोडून देतें. जलोदराच्या रोग्याच्या बाबतींत यांतील प्रत्येक गोष्ट त्याच दिवशीं डॉक्टरांच्या कानीं गेली पाहिजे. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास झाल्यास तर क्षणाचाहि विलंब नको, कारण अशा रक्तस्रावाबरोबर हा जंतुदोष पुष्कळदां येतो.

निश्चिती मात्र एकाच मार्गानें होते: पोटांतील थोडें पाणी सुईनें काढून तपासणें. येथें आपल्या समाजांतील एक भीति आडवी येते. 'पोटाला सुई लावली कीं माणूस संपला' असें आम्हीं सुशिक्षितांच्या तोंडूनहि ऐकलें आहे. जुन्या काळीं पाणी काढीत तें अगदीं शेवटीं, म्हणून सुई आणि शेवट यांची सांगड पडली असावी. वस्तुतः ही क्रिया फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत जलोदराचें पाणी काढण्याचा विधि दिलेला आहे: नाभीच्या खालीं, डाव्या बाजूस चार अंगुळें सोडून व्रीहिमुख शस्त्रानें वेध करावा, नळी घालावी, सगळें पाणी एकाच दिवशीं काढूं नये, आणि मागाहून पोट वस्त्रानें घट्ट आवळावें. आजचे डॉक्टरहि बहुधा पोटाची खालची डावी बाजूच पसंत करतात. पांच लिटरांहून अधिक पाणी काढावयाचें झाल्यास प्रत्येक लिटरामागें ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेंतून देतात, तें एकदम रितेपणा आल्यानें रोगी खचूं नये म्हणूनच. यावरून आमच्या पूर्वजांस सर्व कांहीं ठाऊक होतें असा निष्कर्ष कोणी काढूं नये. पाण्यांत काय दडलें आहे तें पाहण्याचें साधन सुश्रुतापाशीं नव्हतें. पण पोटाला सुई लावणें हें परक्यांचें खूळ आहे, असें म्हणणाऱ्यास त्याचें नांव सांगावयास हरकत नाहीं.

निदानासाठीं पिचकारीभर पाणी पुरतें. सिरोसिसमध्यें रक्त गोठण्यास वेळ लागतो, तरी या बारीक सुईनें गंभीर रक्तस्राव होण्याचा प्रसंग फार विरळा, हजारांत एखादा. त्यासाठीं आधीं रक्तद्रव्यें चढवीत बसण्याची सहसा गरज नसते.

काढलेल्या पाण्यांत मोजावयाच्या त्या न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी. जंतु शिरले कीं या पेशी धांवून येतात. म्हणून जंतु न दिसले तरी त्या दिसतात. एका घनमिलिमीटरांत त्यांची संख्या २५० किंवा अधिक भरली कीं जंतुदोष आहे असें धरून उपचार सुरू करावयाचे, असा जगभर मान्य झालेला दंडक आहे. मोजणीला लागतें काय? बारीक चौकटी आंखलेली कांचेची पट्टी, तांबड्या पेशी विरघळवून पांढऱ्यांना रंग देणारा द्रव, पेशींच्या जाती ओळखण्यासाठीं एक रंगद्रव्य, एक सूक्ष्मदर्शक, आणि हें काम शिकलेला माणूस. सुईबरोबर रक्त आलें असेल तर दर २५० तांबड्या पेशींमागें एक न्यूट्रोफिल वजा करावा लागतो. तालुक्याच्या गांवीं रक्ताची गणना करणारी जी प्रयोगशाळा असते तिच्या आवांक्याबाहेरचें यांत कांहींच नाहीं. अडचण असते ती सांगणाराच नसण्याची, किंवा रात्रीं कुलूप असण्याची.

पाण्यांतील जंतु वाढवून पाहणें, ज्याला कल्चर म्हणतात, तेंहि हवें. कारण कोणतें औषध लागूं पडेल तें त्यावरून कळतें. परंतु त्याला दिवस लागतात, आणि पाणी नुसतें नळींतून धाडल्यास निम्म्या रोग्यांत जंतु उगवतच नाहींत. खाटेपाशींच तें रक्ताच्या कल्चरच्या बाटलींत भरल्यास यश पुष्कळ वाढतें. तथापि कल्चरच्या कागदाची वाट पाहत उपचार थांबविणें म्हणजे घर पेटल्यावर आगीचें कारण शोधीत बसणें होय.

आतां नव्या खुणांकडे वळूं. वृत्तपत्रांतून व जाहिरातींतून त्यांचीं नांवें कानीं येतात, आणि हौशी मुलगा वडिलांच्या उशाशीं उभा राहून 'अमुक टेस्ट केलीत का?' म्हणून डॉक्टरांस विचारूं लागतो. सर्वांत परिचित खूण रक्तांतील सी. आर. पी. ही होय. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत १९३० सालीं हिचा शोध लागला. दाह झाला कीं ती वाढते. पण गंमत अशी कीं हें प्रथिन तयार होतें यकृतांतच! ज्याचें यकृत् थकलें आहे त्याच्या रक्तांत ती जेवढी वाढावयास हवी तेवढी वाढत नाहीं. म्हणून आंकडा बरा दिसला तरी निर्धास्त होतां येत नाहीं. दुसरी प्रोकॅल्सिटोनिन. गंभीर जंतुदोषांत ती वाढते हें १९९३ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं दाखविलें. ही पहिलीपेक्षां जंतूंच्या बाबतींत अधिक नेमकी. परंतु शरीरांत कोठें तरी जंतु आहेत एवढेंच ती सांगते. ते पोटांत आहेत, फुप्फुसांत आहेत कीं मूत्रमार्गांत, हें तिला विचारून उपयोग नाहीं.

याहून मनोवेधक आहे ती पाण्यांतच शोधावयाची कॅल्प्रोटेक्टिन ही खूण. न्यूट्रोफिलच्या पोटांतील द्रवांत विरघळलेल्या प्रथिनांपैकीं निम्म्याहून अधिक भाग हिचाच असतो. पेशी लढतांना फुटतात आणि ती पाण्यांत उतरते. पेशी मोजणारा मनुष्य हजर नसला, किंवा वाटेंत उशीर होऊन पेशी विरघळल्या, तरी त्यांच्या मागें राहिलेली ही खूण सांपडावी अशी कल्पना आहे. लॅक्टोफेरिन नांवाचें दुसरें एक प्रथिनहि याच तत्त्वावर तपासून पाहिलें आहे. अनुभव आशाजनक आहेत. पण मर्यादा किती धरावी याविषयीं निरनिराळ्या ठिकाणचे आंकडे जुळत नाहींत, आणि पेशींच्या मोजणीला बाजूस सारावें इतका अधिकार यांपैकीं कोणालाहि मिळालेला नाहीं. लघवीची साखर पाहण्याच्या पट्टीसारखी एक पट्टी पाण्यांत बुडवून रंगावरून निदान करण्याचा प्रयोगहि झाला. स्वस्त, सोपी, खेड्यांत चालण्याजोगी! परंतु फ्रान्समध्यें हजारांहून अधिक रोग्यांवर तिची परीक्षा घेतली तेव्हां जंतुदोष असलेल्यांपैकीं निम्म्याहूनहि कमी तिच्या पकडींत आले, आणि तो निकाल २००७ सालीं प्रसिद्ध झाला. जी पट्टी अर्ध्याहून अधिक वेळां 'सर्व ठीक' म्हणून खोटें सांगते ती नसलेली बरी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दोन जुन्या खुणा मात्र आपल्या देशांत विसरून चालणार नाहीं. पोटांत पाणी होण्यास क्षयहि कारण असूं शकतो, आणि कधीं कधीं सिरोसिस व क्षय एकाच पोटांत नांदतात. त्यासाठीं पाण्यांतील ए. डी. ए. या विकराचें मापन करतात. तें ४० एककांच्या आसपास किंवा वर गेलें कीं क्षयाचा कसून शोध घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट, पाण्यांतील साखर ५० मिलिग्रॅमच्या खालीं उतरली आणि प्रथिन वाढलेलें असलें, तर दोष 'आपोआप' झालेला नसून आंतडें कोठें तरी फुटलें असावें अशी शंका येते. तेथें सूक्ष्मदर्शकाचें काम संपून शस्त्रवैद्याचें सुरू होतें.

निदान झाल्यावर सेफोटॅक्सिम किंवा तत्सम जंतुनाशक शिरेंतून देतात. रुग्णालयांत राहून दोष जडला असेल तर जंतु हट्टी असतात व औषध अधिक जोरकस लागतें. पण नुसतें जंतुनाशक पुरत नाहीं. जंतु मरतात आणि मूत्रपिंडें बंद पडून रोगी जातो, असा कटु अनुभव पूर्वीं येई. स्पेनमधील डॉक्टरांनीं १२६ रोग्यांवर केलेला प्रयोग १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. औषधाबरोबर पहिल्या दिवशीं दर किलो वजनामागें दीड ग्रॅम व तिसऱ्या दिवशीं एक ग्रॅम अल्ब्युमिन दिलेल्यांत मूत्रपिंडें बिघडलेले शंभरांत १० निघाले, न दिलेल्यांत ३३. आणि रुग्णालयांतील मृत्यु २९ वरून १० वर उतरले. साठ किलो वजनाच्या माणसास याचा अर्थ पहिल्या दिवशीं ९० ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या शंभर मिलिलिटरांच्या साडेचार बाटल्या, आणि तिसऱ्या दिवशीं तीन. बाटली महाग असते, आणि सामान्य घराला हा खर्च जड जातो, हें आम्ही जाणतों. तरीहि खर्चाला कात्री लावावयाची झाल्यास ती नव्या नव्या खुणांच्या तपासण्यांस लावावी, या बाटल्यांस नव्हे.

मग शिरूर किंवा दौंड येथें रोगी असतांना कोणत्या क्रमानें काय व्हावें? अमेरिकेंत २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, दाखल झाल्यापासून बारा तासांच्या आंत ज्यांचें पाणी तपासलें ते, उशीर झालेल्यांपेक्षां अधिक वांचले असें दिसून आलें. तेथें रोगी आधींच रुग्णालयांत होते. आपल्याकडे घड्याळ वाड्याच्या ओसरीवरच सुरू होतें. म्हणून तालुक्याच्या गांवीं जे डॉक्टर पाणी काढूं शकतात त्यांच्याकडे प्रथम जावें. पाणी आधीं, जंतुनाशकाचें इंजेक्शन मागून, हा क्रम शक्य तेथें पाळला जावा; नाहींतर कल्चर बिघडतें. पेशींसाठीं जांभळ्या बुचाची नळी, कल्चरसाठीं बाटली. नळी तेथल्याच प्रयोगशाळेंत लगेच जावी, आणि बाटली रोग्याबरोबर पुण्यास गेली तरी चालते. रोगी गळून गेला असेल, पाणी काढणारा कोणी नसेल आणि वाट लांब असेल, तर आधीं इंजेक्शन देऊन निघावयाचें कीं नाहीं हें त्या डॉक्टरांनींच ठरवावें. घरांतील मंडळींनीं तेथें वाद घालूं नये. पोट दुखतें म्हणून दुकानांतून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणून देणें मात्र कटाक्षानें टाळावें. या रोग्यांच्या मूत्रपिंडांस ती फार घातक ठरते.

याच शिरूर तालुक्यांत, वढू बुद्रुक येथें, के. ई. एम. रुग्णालयाचा ग्रामीण आरोग्याचा उपक्रम डॉ. बानू कोयाजी यांनीं उभा केला, आणि २००२ सालापासून शिरूर व हवेलींतील २२ गांवांत जन्म, मृत्यु व स्थलांतर यांची घरोघर नोंद घेण्याचें काम तेथून सुरू झालें. खेड्यांत नेमकी मोजदाद होऊं शकत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं तें पाहावें. ज्या तालुक्यांत माणसें अशीं मोजतां येतात तेथें एका थेंबांतील पेशी मोजणें अशक्य कां असावें?

उपचार सुरू झाल्यावर दोन दिवसांनीं पुन्हां पाणी तपासतात. पेशी निदान चतुर्थांशानें उतरल्या नसतील तर औषध चुकलें किंवा निदान चुकलें, असें समजून पुढची दिशा ठरते. रोगी बरा होऊन घरीं आला तरी एकदां झालेला हा दोष वर्षाच्या आंत पुन्हां येण्याचा संभव मोठा असतो. १९९० सालच्या एका प्रयोगांत रोज नॉरफ्लॉक्सॅसिनची गोळी घेणाऱ्यांत तो शंभरांत २० जणांस परत झाला, न घेणाऱ्यांत ६८ जणांस. अलीकडे जंतु अशा गोळ्यांस दाद देईनासे होत आहेत, त्यामुळें कोणास ती द्यावी व किती दिवस, याचा विचार प्रत्येक रोग्यापुरता करावा लागतो. आणि वय व प्रकृति अनुकूल असल्यास यकृतरोपणाची गोष्टहि याच वेळीं काढावी लागते. घरच्यांकडे एवढेंच काम राहतें कीं पाण्याच्या प्रत्येक तपासणीचा कागद, तारीख व पेशींचा आंकडा यांसह, रोग्याच्या फायलींत सर्वांत वर लावलेला असावा, म्हणजे पुढच्या वेळीं मध्यरात्रीं गाडींतून उतरल्यावर नव्या डॉक्टरांस तो शोधीत बसावें लागणार नाहीं.